अमेरिकन कॉलेजच्या रिक्रूटिंग ऑफिसात इंटर्नशिप करायची असेल तर

मी इचलकरंजीत खो-खो खेळत वाढले. तिथे संघनिवड म्हणजे सर मैदानाच्या कडेला उभे राहायचे, दोन-तीन संध्याकाळी खेळ बघायचे आणि चौथ्या दिवशी नावं वाचून दाखवायचे. अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला आले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या रिक्रूटिंग ऑफिसात, म्हणजे शाळांतून खेळाडू शोधून भरती करणाऱ्या विभागात, दोन सेमिस्टर इंटर्न म्हणून काम केलं. एका सतरा वर्षांच्या मुलाच्या निवडीमागे इथे दोन-तीन वर्षांच्या नोंदी असतात, आणि त्यांतल्या कितीतरी आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनीच टाइप केलेल्या असतात, हे मला तिथे कळलं.

या कामाला येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कोणाला घ्यायचं हे इंटर्न कधीच ठरवत नाही. पण ज्या माहितीवरून प्रशिक्षक ते ठरवतात, ती माहिती तुमच्या हातून जाते. त्यामुळे ती बरोबर ठेवणं हेच खरं काम आहे. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा.)

पायरी १: अर्जाआधी इंटरनॅशनल ऑफिस

तुम्ही एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर प्रशिक्षकाला ईमेल करण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा. स्वतःच्याच विद्यापीठाच्या क्रीडा विभागातलं काम साधारणपणे ‘ऑन-कॅम्पस’ धरतात. सेमिस्टर चालू असताना त्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण शनिवारी घरच्या मैदानावर सामना असला की त्या एका दिवसात दहा तास जातात आणि बाकी आठवड्यासाठी दहाच उरतात. पहिल्याच दिवशी हे गणित ऑफिसात सांगून ठेवा. मी ते उशिरा सांगितलं आणि ऐन हंगामात दोन आठवडे दुसऱ्यांना माझं काम उचलावं लागलं.

दुसऱ्या विद्यापीठात किंवा बाहेरच्या संस्थेत इंटर्नशिप करायची तर सीपीटीची (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी लागते, आणि ती काम सुरू होण्याआधी आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, आलेली असावी लागते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं तर त्याच पातळीच्या पदवीवरचं ओपीटी (शिक्षणाशी संबंधित काम करण्याची, बहुधा पदवीनंतर वापरली जाणारी परवानगी) मिळत नाही, हे लक्षात ठेवा. ‘बिनपगारी आहे, मग परवानगी कशाला’ असं मित्र सांगतील. त्यांचं ऐकू नका, विचारून घ्या.

पायरी २: कुठे जायचं

मोठ्या कॉलेजांचा खेळ बव्हंशी एनसीएए या संघटनेखाली चालतो. ती १९०६ मध्ये सुरू झाली, मुख्यालय इंडियानापोलिसला आहे, आणि १९७३ पासून तिचे तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन १ आणि २ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते, ३ मध्ये देता येत नाही. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) विद्यापीठं डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत.

सगळ्यांना टीव्हीवर दिसणाऱ्या संघाचंच ऑफिस हवं असतं. माझं मत थोडं वेगळं आहे. मोठ्या संघात भरतीसाठी डझनभर माणसं असतात आणि इंटर्नच्या वाट्याला एक बारीक तुकडा येतो. डिव्हिजन २ किंवा ३ च्या कॉलेजात बहुधा एकच सहायक प्रशिक्षक व्हिडिओ बघतो, आईवडिलांना फोन करतो आणि भेटीच्या दिवशी खुर्च्याही लावतो. त्याच्या शेजारी एक सेमिस्टर बसलात तर सगळी साखळी डोळ्यांसमोर येते.

ईमेल छोटा लिहा: तुम्ही कोण, आठवड्याला किती तास देऊ शकता, एक्सेल आणि व्हिडिओचं काम येतं का, शनिवारी येऊ शकता का. खेळावरचं प्रेम दोन परिच्छेद सांगितलं तरी त्यांना त्यातून काही मिळत नाही, कारण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ते असतंच.

पायरी ३: चार शब्द पाठ करा

भरतीचं वर्ष चार प्रकारच्या कालखंडांत विभागलेलं असतं आणि खेळानुसार तारखा बदलतात.

कॉन्टॅक्ट पिरियड: प्रशिक्षक मुलाला त्याच्या शाळेत, घरी जाऊन भेटू शकतात. इव्हॅल्युएशन पिरियड: बाहेर जाऊन त्याचा खेळ बघता येतो, शाळेशी बोलता येतं, पण मुलाशी किंवा आईवडिलांशी तिथे प्रत्यक्ष बोलणं नाही. क्वाएट पिरियड: प्रत्यक्ष भेट फक्त विद्यापीठाच्या आवारात. डेड पिरियड: प्रत्यक्ष भेट कुठेच नाही. फोन आणि मेसेज चालतात.

त्यावर वयाची अट असते. डिव्हिजन १ च्या बऱ्याच खेळांत मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक त्याला मेसेज पाठवू शकतात. इथली शाळा बारावीपर्यंत असते आणि नववीपासूनच्या वर्षांना फ्रेशमन, सोफमोर, ज्युनिअर, सीनिअर म्हणतात. ऑफिसात इयत्ता कोणीच बोलत नाही. शाळा संपण्याचं वर्ष बोलतात: ‘तो सत्तावीसचा आहे.’ आठवडाभरात कानाला सवय होते.

हे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे मागच्या इंटर्नने भिंतीवर लावलेला कागद काढून टाका. कम्प्लायन्स ऑफिसातून चालू वर्षाचं कॅलेंडर घ्या. नियम पाळले जातात की नाही हे तो विभाग बघतो. कम्प्लायन्सच्या माणसांना नवखे घाबरतात, पण प्रश्न घेऊन गेलात तर तुमच्यासाठी इतका वेळ देणारं दुसरं कोणी नसेल. काम करण्याआधी विचारा. झाल्यानंतर विचारलं तर त्याला नियमभंगाचा अहवाल म्हणतात.

बाहेर जाऊन भरती करण्याचा अधिकार ठराविक प्रशिक्षकांनाच असतो. तुम्ही इंटर्न आहात. सुट्टीत एखाद्या शाळेच्या सामन्याला गेलात आणि आपल्या यादीतला मुलगा भेटला, तर ‘आमच्याकडे ये’ असं उत्साहानेही म्हणायचं नाही.

पायरी ४: नोंद

पहिले दोन महिने तुम्ही डेटाबेस भराल. नाव, शाळा, शाळा संपण्याचं वर्ष, उंची, वजन, मैदानावरची जागा, शाळेच्या प्रशिक्षकाचा फोन, आईवडिलांची किंवा पालकांची नावं, गुणपत्रिका आली का, व्हिडिओची लिंक. कंटाळवाणं वाटेल. पण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

दोन मुलं होती, एकाच राज्यातली, नाव आणि आडनाव तेच. एक अकरावीत, दुसरा दहावीत. मी दोघांची नोंद एक समजून एकत्र केली आणि धाकट्याचा फोन नंबर मोठ्याच्या नावापुढे राहिला. प्रशिक्षकांनी मेसेज पाठवला आणि तो ज्याला पाठवण्याची तारीख अजून आली नव्हती त्या मुलाला गेला. हे नियमाचं उल्लंघन आहे. एनसीएएच्या भाषेत तिसऱ्या स्तराचं, म्हणजे किरकोळ, पण विद्यापीठाला ते स्वतःहून कळवावं लागलं. प्रशिक्षक मला रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलाच्या घरी काय झालं असेल ते सांगितलं: मेसेज आला म्हणून पोराने घरात सगळ्यांना दाखवला असेल. पुढे त्याला कळलं असेल की तो त्याच्यासाठी नव्हताच. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. नावावरून दोन नोंदी कधीच एकत्र करत नाही. नाव, शाळा आणि वर्ष ही तीनही जुळली तरच. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहिते: मुलाने सांगितलेला, शाळेने दिलेला, की आमच्या कॅम्पमध्ये (शाळकरी मुलांच्या उन्हाळी शिबिरात) मोजलेला. मुलांनी स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलेली उंची जूनच्या कॅम्पमध्ये भिंतीला उभं करून मोजली की बऱ्याचदा इंच-दीड इंच कमी भरते. यात मुलांना दोष देऊ नका. ‘सहा फूट’ या शब्दाची त्यांना किती भीती घातलेली असते ते कॅम्पमध्ये मोजमापाच्या रांगेत उभं राहिलं की दिसतं. तुम्ही मोजाल तेव्हा आकडा हळू आवाजात सांगा.

अभ्यासाची बाजूही इथेच बघायची. डिव्हिजन १ साठी शाळेत १६ ‘कोअर’ म्हणजे मुख्य विषय पूर्ण हवेत, त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी, आणि त्या विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३. डिव्हिजन २ साठी २.२. २०२३ पासून एनसीएए यासाठी एसएटी किंवा एसीटीचे गुण मागत नाही, विद्यापीठ प्रवेशासाठी मागू शकतं. गुणपत्रिका तपासताना एखाद्या मुलाला गणिताचा एक विषय कमी पडतोय असं दिसलं तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा. अकरावीत कळलं तर उन्हाळ्यात तो विषय घेता येतो. बारावीच्या मार्चमध्ये कळलं तर फार उशीर झालेला असतो. इंटर्नच्या हातून कोणाचं आयुष्य सुधारण्याची संधी येत असेल तर ती या ओळीत येते, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५: व्हिडिओ

शाळांचे सामने बहुतेक हडल या अ‍ॅपवर असतात. मुलं निवडक क्षणांचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ बनवतात, प्रत्येक क्षणाआधी स्वतःभोवती गोल काढतात. तो बघा, पण त्यावरून मत बनवू नका. एक पूर्ण सामना बघा, शक्यतो संघ हरलेला. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना मुलगा पळतो का, चूक झाल्यावर पुढच्या डावाला कसा उभा राहतो, बाकावर बसल्यावर सहकाऱ्यांशी बोलतो का. खो-खोत खांबाजवळ बसलेल्या खेळाडूकडे बघून सर जे ओळखायचे तेच मी इथे शोधत होते. खेळाचे डावपेच मला नंतर कळले. माणूस कसा खेळतो हे आधीपासून दिसत होतं. तुम्ही वेगळ्या खेळातून आला असाल तर या नजरेची लाज बाळगू नका. मात्र टिपण लिहिताना जे दिसलं तेच लिहा: ‘तिसऱ्या सत्रात दोनदा मागून पळत येऊन पकडलं.’ ‘जिद्दी आहे’ एवढं लिहिलं तर प्रशिक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

पायरी ६: भेटीचा दिवस

इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. अधिकृत भेट म्हणजे खर्च विद्यापीठाचा, आणि मुक्कामाला मर्यादा. अनधिकृत भेट म्हणजे कुटुंब स्वतःच्या खर्चाने येतं. या दोन्हींत काय देता येतं याचे नियम वेगवेगळे आहेत, आणि एक टी-शर्टसुद्धा नियमाबाहेर दिला तर ‘अयोग्य लाभ’ होतो. आमच्या टेबलावर दोन याद्या, दोन रंगांत असायच्या.

आपल्याकडे लग्नघरात व्याही मंडळी उतरली की त्यांच्या पुढेमागे एक माणूस ठेवतात. चहा झाला का, आजींना खुर्ची मिळाली का, पाणी कुठे आहे. भेटीच्या दिवशी इंटर्नचं काम अगदी हेच असतं, आणि मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ते शिकवावं लागत नाही. कागदावर मात्र आधी उतरवा. आदल्या आठवड्यात विचारा: किती जण येणार, कोणाला चालायला त्रास आहे का, जेवणात काय चालत नाही. एका कुटुंबाला हलाल हवं होतं. ते आधी कळलं म्हणून आचाऱ्याने वेगळी सोय केली. दोघांची घरं वेगळी असलेले आईवडील एकाच मुलाबरोबर येतात तेव्हा त्यांना एकाच गाडीत बसवायचं का, हेही विचारावं लागतं. तेही विचारा, फक्त चारचौघांत नको.

वेळापत्रकात दर दोन तासांनी वीस मिनिटं मोकळी ठेवा. नवखे सगळं ठासून भरतात: स्टेडियम, व्यायामशाळा, वर्गखोल्या, फोटो, जेवण, मुख्य प्रशिक्षकांची भेट. मग एक गोष्ट लांबली की सगळं कोसळतं. त्या मोकळ्या वीस मिनिटांतच कुटुंब खरे प्रश्न विचारतं. एका आईने मला स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून विचारलं होतं, ‘याला रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेईल?’ त्याचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नव्हतं. मी तिला आमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत बघणाऱ्यांकडे, घेऊन गेले. रात्रीचा नंबर कोणता, जवळचं रुग्णालय कुठलं, कोणाची गाडी असते, हे सगळं त्यांनी सांगितलं. पुढच्या भेटींपासून ट्रेनरची दहा मिनिटं आम्ही वेळापत्रकातच टाकली. उत्तर माहीत नसेल तर अंदाजाने बोलू नका आणि आश्वासन तर कधीच देऊ नका. ‘तो पहिल्या वर्षी खेळेल का?’ या प्रश्नाला इंटर्नचं उत्तर एकच: हे प्रशिक्षकांना विचारा, मी तुम्हाला त्यांच्याकडे नेते.

आणि नावं. सामोआ, टोंगा, नायजेरिया, व्हिएतनाम, मेक्सिको, किती ठिकाणची आडनावं त्या यादीत असतात. स्वागताच्या टेबलावर नाव अडखळत उच्चारलं की मुलाच्या चेहऱ्यावर जी छटा येते ती मला ओळखीची होती, कारण माझं आडनाव इथे दोन वर्षं तसंच उच्चारलं जात होतं. मी शाळेच्या प्रशिक्षकांना फोन करून प्रत्येक उच्चार विचारायला लागले आणि यादीत नावापुढे तो देवनागरीत लिहायला लागले. ऱ्हस्व-दीर्घ, ट की त, कुठे अनुस्वार, रोमन स्पेलिंगमध्ये जे हरवतं त्यातलं बरंचसं देवनागरीत राहतं. शनिवारी सकाळी मी ती यादी मोठ्याने वाचायचे आणि बाकीचे इंटर्न माझ्यामागून म्हणायचे. एका मुलाच्या आजोबांनी आपलं नाव ऐकलं आणि थांबून माझा हात हातात घेतला.

पायरी ७: तोंड आणि फोन

मुलाने सही करण्याआधी विद्यापीठाच्या लोकांनी त्याच्याविषयी जाहीरपणे काही बोलायचं नसतं. सोशल मीडियावर त्याची पोस्ट ‘लाइक’ करणं किंवा जशीच्या तशी पुढे पाठवणं चालतं, त्यावर लिहिणं नाही. ऑफिसात याला ‘क्लिक करा, टाइप करू नका’ असं म्हणतात. स्वतःच्या खासगी खात्यावरूनही हेच पाळा.

पैशाचे आकडे कानावर पडतील. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे मिळवता येतात. २०२५ मध्ये ‘हाउस’ नावाच्या खटल्यात झालेल्या समझोत्यानंतर सहभागी विद्यापीठं थेट उत्पन्नातला वाटाही देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याच समझोत्याने अशा विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंची मर्यादा आली. यातलं कोणाला किती हे जेवणाच्या टेबलावर बोलू नका, रूममेटशीही नाही.

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं आणि आता दुसऱ्या कॉलेजातले तयार खेळाडूही यादीत येतात. हंगाम संपता संपता ऑफिसातल्या निवडीच्या बोर्डावर रोज नवी नावं चढतात आणि शाळेतल्या काही मुलांची उतरतात. उतरलेल्या मुलाला ते लगेच कळत नाही. फक्त फोन यायचे थांबतात. इंटर्नने त्याला सांगायचं नसतं. पण प्रशिक्षकांना विचारता येतं: ‘याला कोणी कळवलं का?’ मी दर शुक्रवारी उतरलेल्या नावांची छोटी यादी त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले. काही वेळा त्यांनी फोन केला, काही वेळा नाही. यादी ठेवणं मी सोडलं नाही.

जुने लेख वाचत असाल तर एक दुरुस्ती: १९६४ पासून चालत आलेलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूने एका विद्यापीठाला दिलेला लेखी शब्द) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते. ‘सायनिंग डे’ हा शब्द मात्र राहिला आहे.

भारतातून कोणी विचारलं तर

तुम्ही या ऑफिसात आहात हे कळलं की पुण्या-मुंबईहून फोन येतील, बहुतेक टेनिस, स्क्वॉश, गोल्फ आणि अ‍ॅथलेटिक्सच्या मुलांच्या पालकांचे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळली, आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने जिंकलं, हे बऱ्याच घरांत माहीत असतं. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ ला एनसीएए विजेतेपद मिळवलं. स्क्वॉश एनसीएएखाली येत नाही, पण भारतीय मुलांना तिथे मोठी जागा आहे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुरुष संघाने १९९८ ते २०१२ मध्ये सलग २५२ लढती जिंकल्या, त्या संघांत भारतातून आलेले खेळाडू होते.

पालकांना तीन गोष्टी सांगा. नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपून ठेवा, खेळाडूची पात्रता तपासणारं एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर त्या मागतं. बक्षिसाची रक्कम किंवा प्रायोजकाचा करार घेतला असेल तर लपवू नका, आधी विचारा. आणि एफ-१ व्हिसावर आलेल्या खेळाडूला नाव-प्रतिमेच्या पैशांबाबत अमेरिकन मुलांइतकी मोकळीक नसते. त्यापुढे तुमच्या ऑफिसातून ‘जरा बघ ना’ असं काही करू नका. तो फोन संबंधित प्रशिक्षकाकडे आणि कम्प्लायन्सकडे वळवा, नात्यातला असला तरी.

शेवटची पायरी: फाईल देऊन जा

सेमिस्टर संपायच्या दोन आठवडे आधी पुढच्या इंटर्नसाठी फाईल करा. कोणती नोंद अर्धवट आहे, कोणत्या शाळेचा प्रशिक्षक फोन उचलतो आणि कोण फक्त ईमेलला उत्तर देतो, कोणत्या कुटुंबाला काय कबूल केलंय, आचाऱ्याला किती दिवस आधी सांगावं लागतं, पार्किंगचे पास कोणाकडे मिळतात.

मी पहिल्या पानावर नावांची यादी ठेवली. माझ्यानंतर आलेली मुलगी ओहायोची होती, तिला देवनागरी येत नव्हती. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी यादीतल्या मुलांच्या शाळांना आणि घरांना एकेक करून फोन लावले, पण त्याआधी कम्प्लायन्सला विचारून घेतलं. पालकांची परवानगी घेऊन प्रत्येकाचं नाव त्याच्याच घरच्या आवाजात रेकॉर्ड केलं. बेचाळीस नावं झाली. ती फाईल सव्वातीन मिनिटांची आहे आणि अजून त्याच फोल्डरमध्ये आहे.